राकुसाचं वाडगं

सुनेला घरी ठेवायला धोंडुबाईनं सकाळपासनं जेवढे बहाणे केले तेवढे सगळे फुकट गेले. आधी म्हणाली, करडाला बरं नाही, त्याच्यापाशी बस. करडू तर दाव्याला हिसके देत बाभळीच्या शेंगा खात उभं होतं. मग म्हणाली, टँकर येणार हाय, पाण्याला माणूस पायजे. तर शेजारची हरणाबाई कुडावरनं ओरडली, "आवं धोंडुबाय, टँकर कालच येऊन गेला की! आता काय त्यो लवकर तोंड दावत न्हाई." शेवटी पोटावर हात दाबून ती उंबऱ्यातच बसली आणि कण्हायला लागली. राणी भाकरी फडक्यात बांधत होती. तिनं सासूकडं एकवार बघितलं.

"आत्या, दुखतंय तर तुमी ऱ्हावा घरी. मी जाती."

"आगं तू नगं. मी जाती, तू ऱ्हा."

"आन पोट?"

"ऱ्हायलं पोट."

"आत्ता तर दुखत हुतं."

धोंडुबाई उठली आणि लुगडं झटकून म्हणाली, "पोटुशी बाई हाईस. असल्या उनात पाट्या उचलायच्या म्हंजे काय खेळ हाय का?"

"पाट्या कुटं उचलतीया? साहेबानं मला चाळणीपाशी सावलीत बसवलंय." राणीनं फडकं डोक्यावर घेतलं. "घरात बसून काय करू आत्या? भिताडं खायाय उठत्यात."

हे ती खरं बोलली. दिवाळी झाली तसा तिचा नवरा तानाजी आणि सासरा बिराप्पा मेंढरं घेऊन खाली पलूसकडं गेले होते. वरच्या मुलखात चाऱ्याची काडी नव्हती. भादव्यात एकदाच आभाळ फाटल्यागत कोसळलं आणि मग पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. बाजरी करपली, विहिरीच्या तळाला बेडूकसुद्धा उरला नाही. वस्तीवर राहिल्या त्या बाया आणि म्हातारी. अशात गावच्या शिवेवर पुरातत्त्व खात्याचे लोक उकरायला आले, हजेरीनं माणसं लावली, म्हणून तर दोघींची चूल पेटत होती. देवच पावला म्हणायचं. पण पावला तोही असा वाकडा.

राणी पांदीला लागली. धोंडुबाईनं कडी घातली आणि तिच्या मागनं जवळजवळ पळत सुटली.

ते उकरायचं ठिकाण म्हणजे राकुसाचं वाडगं. कुरणवाडीच्या माळावर घराएवढं उंच टेकाड, आणि त्याच्या माथ्यावर कमरेएवढाले दगड गोल मांडलेले. मेंढरांच्या वाडग्याला कूड घालतात तसे. वस्तीवरची जुनी माणसं सांगायची, कुणी एक राकुस हितं मेंढरं राखायचा, त्याचं हे वाडगं. खात्याचे लोक म्हणतात, लोखंडाचा शोध नवा होता त्या काळातल्या माणसांची ही पुरायची जागा. तीनेक वर्षं झाली, तिथं निळा बोर्ड लागला, भोवती तारा आल्या. ग्रामसभेत स्पीकरवर सांगितलं, ह्या टेकाडाला जो कुदळ लावील तो सरळ आत जाईल. राखण म्हणून गावातल्याच आप्पासोला शिट्टी आणि खाकी सदरा दिला. तवापासनं आप्पासो शेळी जरी तारेजवळ गेली तरी शिट्टी फुंकायचा.

पण बोर्ड लागला म्हणून रीत बदलते का? दात न आलेलं लेकरू धनगर जाळत नाहीत, पुरतात. सगळा माळ मुरमाड. पहार मारली तर ठिणगी उडेल. माती काय ती त्या टेकाडावर. म्हणून पिढ्यान् पिढ्या वस्तीवरची तान्ही पोरं तिथंच ठेवायची. बाया म्हणायच्या, राकुस कोकरांवाणी राखतो त्यांना. बोर्ड लागल्यावर मात्र लोक भ्याले आणि लेकरं ओढ्याच्या वाळूत न्यायला लागले.

आणि गेल्या भादव्यात राणीची पोरगी गेली.

दोन महिन्यांची होती. नाव रेवती, पण धोंडुबाई तिला कोकरीच म्हणायची. त्याच त्या आभाळ फाटलेल्या पावसात पोरीची छाती भरली. ओढा दुथडी भरून चाललेला, रस्ता बंद. तानाजी पोरीला पोटाशी धरून दोनदा ओढ्यात शिरला आणि दोनदा माघारी आला. उजाडायला पोरगी आईच्या मांडीवर गार पडली. वाळू तर पाण्याखाली. बिराप्पानं आपल्या अंगावरच्या घोंगड्याचा कोपरा फाडला, नात त्यात गुंडाळली आणि म्हणाला, "चल. आपल्या आज्या-पणज्यांची लेकरं जितं हायती तितं न्हिऊ." बायांनी जायचं नसतं, पण धोंडुबाई गेली. कारण नुसतं पुरून भागत नाही. वर जड दगड नको का? कोल्ही उकरतात, कुत्री उकरतात. आणि तेवढा दगड माळावर कुठं? तो होता त्या गोलातच. त्यातला एक आधीच कललेला होता. दोघा नवराबायकोंनी पहारीनं तो उचकटला, भर पावसात ढकलत ढकलत आत आणला आणि नातीच्या अंगावर आडवा घातला.

मग सरकारात कुठं कळवणार? कळवलं तर विचारणार, कुठं पुरली. बिराप्पानं तोंडावर बोट ठेवलं. राणीला सांगितलं, ओढ्याच्या काठाला. आईनं लेकराची जागा बघायची नसते. बघितली की पुढची कूस राहत नाही. म्हणून तिनं कधी विचारलं नाही आणि कुणी तिला दाखवलं नाही.

आता ती पाच महिन्यांची गरवार होती. आणि काल दिवस मावळताना त्याच दगडाभोवती साहेबानं खुंट्या मारून पांढरी दोरी बांधली होती.

टेकाडावर पोचली तेव्हा धोंडुबाईला धाप लागली होती. बर्गे साहेब दोरीपाशी उकिडवे बसून फोटो काढत होते. साताऱ्याकडचा माणूस, तसा मवाळ. कुणावर ओरडत नसे, बायांना पाणी पिलात का म्हणून विचारी. त्यांच्याबरोबर सृष्टी म्हणून एक शिकाऊ पोरगी होती, कडेगावकडची. तिच्या बाचा ऊस, आणि ही इथं मातीत बसून खापरं धुवायची.

"या आजी," साहेब म्हणाले. "आज तुमच्या दगडाचा नंबर."

धोंडुबाईनं पदरानं घाम टिपला. "माजा कसला दगड?"

"रोज त्याच्यावरच बसून जेवता की तुम्ही!"

बाया हसल्या. खोटं नव्हतं ते. उकरणं सुरू झाल्यापासनं धोंडुबाई भाकरी खायला त्या दगडावर जाऊन बसायची. का, तर दुसरं कुणी बसू नये. कुणाची पहार लागू नये. आणि राणी आपली सासूच्या शेजारी येऊन बसायची. उठ म्हणावं तर कोणत्या तोंडानं म्हणावं? काल तर राणीनं तिथंच बसून कांदा फोडला होता, दगडावर बुक्की मारून. धोंडुबाईनं उरलेली भाकरी तशीच फडक्यात बांधली होती.

"सगळे दगड उभे आहेत बघ," साहेब सृष्टीला सांगत होते. "हा एकच मुद्दाम काढून आत आणलाय आणि आडवा ठेवलाय. खाली लहान मुलाचं दफन असणार. असं मिळत नाही कधी."

सृष्टीनं मातीत बोट घातलं. "सर, माती जरा भुसभुशीत वाटते. अलीकडं हलवला असेल का?"

साहेबांनी आप्पासोकडं बघितलं. "काय हो? कुणी हलवला होता का दगड?"

आप्पासो खाकी सदऱ्यात ताठ उभा राहिला. खरं म्हणजे भादव्याच्या त्या पावसात तो आठवडाभर घरात घोंगडं पांघरून पडला होता. नंतर वर आला तेव्हा त्याला दिसलंही असेल. पण राखणदारानं दगड हलला म्हणून सांगायचं म्हणजे आपल्याच हातानं सदरा काढून द्यायचा.

"न्हाई साहेब. माज्या राखणीत चिमणीनं हितली काडी उचलल्याली न्हाई."

"उंदरांनी पोखरली असेल माती," साहेब म्हणाले. "दुपारी उचलू दगड."

धोंडुबाई पाटी घेऊन उभी होती, ती तशीच साहेबांच्या पुढ्यात गेली. "साहेब, ह्यो दगड नगा उचलू."

"का आजी?"

"देवाचा हाय."

"कुठल्या देवाचा?"

"बिरोबाचा." बोलून झाल्यावर तिनं मनातल्या मनात स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. खोट्यात देवाला ओढलं.

आप्पासो खेकसला, "आवं धोंडुबाय, बिरोबा तिकडं वड्यापल्याड, दीड मैलावर! आन देवाच्या उरावर बसून रोज भाकरी मोडत हुता व्हय?"

सगळी माणसं खो खो हसली. साहेबसुद्धा हसले, पण लगेच तोंड सावरून म्हणाले, "आजी, नमस्कार करून, नारळ फोडून मग उचलू. मग तर झालं?" म्हातारी आडमुठी आहे, समजूत काढली पाहिजे, असं ते बोलणं. धोंडुबाईला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती पाटी उचलून माघारी फिरली. चाळणीपाशी राणी पदरानं तोंड झाकून हसत होती. सात महिन्यांत पोरगी अशी हसली नव्हती.

दुपारी माणसं जेवायला पांगली. धोंडुबाई टेकाडाच्या मागच्या अंगाला गेली, चोळीतला मोबाईल काढला आणि बिराप्पाला लावला. तिकडनं आधी मेंढरांचा गलका ऐकू आला.

"काय गं?"

"दगड उचलाय लागल्यात आवं."

"कसला दगड?"

"कसला म्हंजे? आपला!"

बिराप्पा कुणाला तरी 'हाऱ्या, कुत्रं बांध' म्हणाला, जरा बाजूला गेला असावा. मग हळू आवाजात बोलला, "उचलू दे. त्यास्नी काय हाडं बोलून दावणार हायती? म्हणतील जुनी हायती, हजार वर्साची. न्हितील गुंडाळून."

"आन नातीला काचंत ठिवतील? लोकं बघाय येतील?"

"मग काय करू? हितनं उडून यिऊ? सांगितलंस तर मी आत जातोय. तानाजी येकटा मेंढरं कशी राखंल? तोंड उचकटू नगंस."

"राणी हाय की हितं! माती तिच्या म्होरं चाळाय येती. पोरीचं हाड तिच्या चाळणीत आलं म्हंजे?"

"तिला घरी ठिव," बिराप्पा म्हणाला.

"ऱ्हाईना."

"काय बी कर गं," म्हातारा म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "मला काय बी सुचंना. तूच काय बी कर." फोन कट झाला.

धोंडुबाई तिथंच मुरमावर बसली. इतकी वर्षं ह्या माणसानं लांडग्याच्या तोंडातनं मेंढरं काढली, उसाच्या बागायतदारांशी भांडून त्यांच्या रानात मेंढरांचा वाडा बसवला, आणि आज म्हणतोय तूच काय बी कर! तिला त्याचा रागही आला नाही.

सगळी परत जमली तेव्हा तिनं घागर उचलून राणीच्या हातात दिली. "जा गं, खालनं पाणी आण. ड्रममधलं गरम झालंय."

"आत्याबाय, खाली म्हंजे शाळंपातूर?"

"मग काय झालं? साहेबाला गार लागतं. जा."

राणीनं साहेबांकडं बघितलं, सासूकडं बघितलं, आणि चुंबळ डोक्यावर ठेवून टेकाड उतरली. धोंडुबाईनं ती पांदीच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. जाऊन यायला तिला बराच वेळ लागणार. तेवढ्यात जे व्हायचं ते होऊन जाऊ दे बाबा.

साहेबांनी खरंच नारळ आणवला होता. फोडला, खोबरं वाटलं. धोंडुबाईच्या हातावरही तुकडा पडला. मग चार गड्यांनी पहारी घातल्या, हैसा म्हणून जोर केला आणि दगड कुशीवर वळला. खाली माती ओली-काळी होती. साहेब स्वतः आत उतरले, गुडघ्यावर बसले आणि छोट्या करणीनं माती खरवडायला लागले. करणीमागं कुंचा, कुंच्यामागं करणी. कुंच्याचा खरखर आवाज तेवढा येत होता आणि धोंडुबाईला वाटत होतं की तो आपल्याच बरगड्यांवर चाललाय. तिनं डोळे मिटले. हाडं जुनी म्हणतील. न्हितील गुंडाळून. तोंड उघडायचं नाही.

"सर!" सृष्टी ओरडली. "कापड!"

साहेब ओणवे झाले. "लोकर आहे ही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आनंदानं थरथरला. "लोकर टिकलीय गं! सृष्टी, चिमटा दे. इथनं उचल, हळू, ह्या टोकाला धरून..."

टोकाला धरून! ते टोक बिराप्पानं गाठ मारून पोरीच्या डोक्याखाली घेतलं होतं, तिला टोचू नये म्हणून उलटून. धोंडुबाईच्या तोंडातनं किंकाळी निघाली ती तिलाही कळली नाही.

"हात लावू नगा तिला! ती आमची हाय!"

साहेबांचा हात हवेत राहिला.

"आमची हाय साहेब. नात हाय माजी. भादव्यात गेली. मीच ठिवली. दगड मीच घातला. ते हजार वर्साचं न्हाई वो, आमचंच घोंगडं हाय ते!" ती दोरी तोडून खड्ड्याच्या कडेला कोसळली. पांढऱ्या खुंट्या उपटून तिच्या लुगड्यात अडकल्या.

साहेबांनी चिमटा खाली ठेवला. एकदा काळ्या लोकरीकडं बघितलं, एकदा म्हातारीकडं. "आजी," ते म्हणाले, "सकाळी का नाही सांगितलंत हो?"

ते आपल्याला समजून घेतीलही असं तिला क्षणभर वाटलं. धोंडुबाई हात जोडून म्हणाली, "माती लोटा साहेब. दगड हाय तसा ठिवा. सून यायच्या आत लोटा. पाया पडती."

साहेब काही बोलायच्या आत आप्पासो पुढं आला. त्याला घाम फुटला होता. दगड हलला ते उघडं पडलं, आता नोकरी जाणार, हेच त्याच्या डोळ्यांपुढं. "साहेब, मला ह्यातलं काय ठावं न्हाई हां. चोरून केलंय ह्यांनी." आणि मग त्यानं धोंडुबाईकडं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पोरगीच हुती न्हवं?"

खोबरं चघळणाऱ्या बायांची तोंडं थांबली. धोंडुबाईला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तिला वाटलं, ह्या खड्ड्यात आपणच आडवं व्हावं आणि कुणी तरी वर दगड घालावा.

"आप्पासो," ती म्हणाली, "तुज्या जिभंला हाड हाय का न्हाई रं?"

"मी काय म्हणतोय? पोलीस तेच इचारणार. पोरगी, आन गुपचूप पुरल्याली."

बर्गे साहेब खड्ड्यातनं वर आले. कितीतरी वेळ हात पुसत राहिले. "आजी, मी तुमच्यावर काही आळ घेत नाही," ते खाली बघत म्हणाले. "पण इतक्या माणसांदेखत झालं हे. मला कळवावंच लागेल. आता ते माझ्या हातात राहिलं नाही." आणि ते फोन घेऊन तारेकडं गेले.

राणी पाणी घेऊन आली तेव्हा टेकाडावर सगळी माणसं एका बाजूला उभी होती आणि सासू एकटी खड्ड्यापाशी बसली होती. बायांनी तिला वाट दिली. कुणी तिच्याकडं बघेना. तिनं घागर उतरवली, सरळ चालत आली आणि खड्ड्यात बघितलं. धोंडुबाई तिच्या आडवी पडली. पदर पसरून तिनं खड्डा झाकायला बघितलं, पण पदर केवढा आणि खड्डा केवढा!

"बघू नगंस गं राणे! तोंड फिरव! पोटातल्याची आण हाय तुला!"

पण राणीनं घोंगडं ओळखलं होतं. सासऱ्याच्या अंगावर ते तिनं रोज बघितलं होतं, फाटक्या कोपऱ्याचं. ती हळूच खाली बसली.

"वड्याच्या काठाला म्हणला हुता."

"व्हय बाई."

"काल मी हितं बसून भाकरी खाल्ली."

धोंडुबाई पदरानं खड्ड्याची कड झाकत राहिली.

"तिच्या उरावर बसून कांदा फोडला, आत्या. तुमी बघत हुता. बोलला न्हाई."

"कसं बोलू गं माजी बाय?"

राणी रडली नाही. त्याचीच तर भीती वाटायला लागली सगळ्यांना. सृष्टी तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो तिनं हातातही घेतला नाही.

दिवस कलायला लागला तेव्हा तालुक्याची गाडी आली. एक हवालदार, एक महसुलाचा साहेब. गावातली आणखी माणसं आली. तारेबाहेर ही गर्दी. हवालदारानं धोंडुबाईला उन्हातच उभं केलं.

"कशानं मेली?"

"छाती भरली हुती."

"दवाखान्यात का नेली नाही?"

"वडा आला हुता."

"कळवलं का नाही?"

"भ्यालो."

"कशाला भ्यालात? काय केलंवतं म्हणून भ्यालात?" बोर्डाला भ्यालो, शिट्टीला भ्यालो, तुमच्या ह्याच इचारण्याला भ्यालो, असं धोंडुबाईला सांगायचं होतं. पण तिनं नुसते हात जोडले. हवालदारानं पुन्हा तेच विचारलं आणि तारेबाहेर कुणीतरी चुकचुकलं. ते कीव म्हणून की दुसरंच काही, ते तिला समजलं नाही.

"माज्या मांडीवर गेली," राणी बसल्या जागेवरनं म्हणाली. "मला इचारा. माजं दूध तोंडात हुतं तिच्या."

हवालदार जरा खाकरला. मग म्हणाला, "बाहेर काढून तपासाला पाठवावी लागेल. डॉक्टर सांगतील ते खरं. कोण उतरतंय?"

कुणी उतरेना. गडी एकमेकांच्या मागं सरकले. दुसऱ्याचं तान्हं उकरायला कोण हात लावणार? धोंडुबाई पुढं झाली, पण खड्ड्यात पाय टाकताच ती कडेवरच बसली. बर्गे साहेब बाह्या सारायला लागले, तशी राणी उठली.

"तुमी नगा," ती म्हणाली. "परक्याचा हात नगं."

"राणे, नगं गं! कूस ऱ्हात न्हाई, राणे! त्या पोटातल्या जिवावर तरी दया कर!" धोंडुबाई ओरडत होती. तिनं सुनेचा पाय धरला. राणीनं वाकून तिचे हात पायापासनं सोडवले. जोर न करता, एकेक बोट.

"तवा तुमी न्हिली," ती म्हणाली. "आता मला न्हिऊ द्या."

ती खाली उतरली. माती हातानंच बाजूला केली. किती अंतरावर डोकं, कुठं पाय, तिला सांगावं लागलं नाही. घोंगडं तिनं दोन्ही हात खाली घालून उचललं, मानेखाली हात देऊन उचलतात तसं. मान राहिली नव्हती, तरी हात तिथंच गेला. वर उभ्या बायांनी तोंडात पदर कोंबले. आप्पासोनं टोपी काढली आणि तो तारेच्या पलीकडं निघून गेला.

ठेवायला काही नव्हतं. सृष्टीनं खापरं ठेवायचं एक पुठ्ठ्याचं खोकं आणलं, आतली खापरं भराभरा जमिनीवर ओतली आणि आपली ओढणी घडी करून तळाला घातली. हवालदार म्हणाला, खोकं मागं डिकीत ठेवा. राणीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती गाडीत जाऊन बसली आणि खोकं मांडीवर घेतलं. धोंडुबाईला तिच्यासमोरच्या बाकावर बसवलं, शेजारी हवालदार. बर्गे साहेब गाडीच्या दारापर्यंत आले आणि हात जोडून उभे राहिले.

गाडी माळावरनं खाली निघाली. धोंडुबाई सुनेच्या तोंडाकडं बघायचं टाळत होती. राणीच्या पोटाला खोक्याची कड लागत होती, ती तिला दिसत होती. एक जीव आत, एक बाहेर, मध्ये पुठ्ठा. तिला वाटलं, हिनं आपल्याला शिव्या घालाव्यात, थोबाडावं, गाडीतनं ढकलून द्यावं. तिनं घाबरत घाबरत हाक मारली, "राणे..."

राणीनं ऐकलं नाही. तिचा एक हात खोक्याच्या झाकणावर होता आणि तो हात आपोआप चालला होता. थाप, थाप, जरा थांबून पुन्हा थाप. किरकिऱ्या लेकराला निजवतात तसा.

पांदीच्या तोंडाला चाकोरीत गाडी धाडकन आदळली. खोकं उडालं. राणीनं दोन्ही हातांनी ते छातीशी धरलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मोठा झाला.

"आवं दादा, हळू घ्या की जरा. खड्डं हायती."

ड्रायव्हरनं आरशात बघितलं आणि पायातला जोर काढला. तिथनं तालुक्यापर्यंत गाडी बैलगाडीच्या चालीनं गेली, आणि जोरात घे असं त्याला हवालदारही म्हणाला नाही.